सायीचा सिद्धांत

माझ्या गावाकडच्या माणसांना मी नेमकं काय करतो हे समजावून सांगण्यात माझी बरीच वर्षं गेली. मेकॅनिकल इंजिनिअर झालो म्हटल्यावर सुट्टीत घरी गेलो की ओसरीवर बंद पडलेल्या वस्तू मांडून ठेवलेल्या असायच्या. विहिरीवरची मोटार, औषध फवारायचा पंप, एकदा तर कुणाच्या तरी सुनेचा मिक्सर. मला त्यातलं काहीही दुरुस्त करता आलं नाही. शेवटी एका चुलत्यांनी विंझरच्या चहाच्या टपरीवर चारचौघांत मला धारेवर धरलं.

"मंग तू करतूस तरी काय रं?"

"तात्या, मी यंत्रांची मॉडेलं करतो."

"म्हंजी खेळण्यातली."

मी "व्हय" म्हणालो आणि सुटलो. त्यानंतर ओसरीवरची गर्दी कमी झाली.

खरं काम साधं आहे. एखादी हलणारी वस्तू घ्यायची. तिच्यातलं महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय ते ठरवायचं. बिनमहत्त्वाचं सोडून द्यायचं, उरलेल्याची समीकरणं मांडायची, आणि ती वस्तू उद्या कशी वागेल ते आज कागदावर सांगायचं. खरी हुशारी समीकरणं सोडवण्यात नसते, काय सोडून द्यायचं ते ठरवण्यात असते, असं मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्याकडे पाठ करून सांगतो. मुलं ते वहीत उतरवून घेतात. मी स्वतः विद्यार्थी असताना हे कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं वाटत नाही.

पीएचडीला माझे मार्गदर्शक पुण्यातले एक वयस्कर प्राध्यापक होते. त्यांना हिंदकळणाऱ्या द्रवांचा नाद होता. टाकीत द्रव भरून टाकी हलवली की आतला द्रव इकडून तिकडे आदळतो, आणि टाकी वाहणाऱ्या गाडीचा तोल बिघडतो. जगातली मोठी माणसं यावर काम करताना रॉकेट आणि तेलवाहू जहाजं घेतात. माझ्याकडे रॉकेट नव्हतं. माझ्याकडे आत्याच्या म्हशी होत्या.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. विंझरच्या वर डोंगराच्या पोटाला तिची चार घरांची वस्ती आहे. तिथून दुधाचे कॅन मोटारसायकलला दोन बाजूंना अडकवून खाली रस्त्यावर यायचे, रस्त्यावर टेम्पो उभा असायचा, आणि टेम्पो वेल्ह्याकडून गोळा केलेलं सगळं दूध घेऊन नसरापूरच्या बाजूला डेअरीत जायचा. त्या रस्त्याला तेव्हा इतके खड्डे होते की मला वेगळं काही हलवायची गरजच नव्हती. मी कॅनच्या आत दाब मोजणारं एक बोटभर यंत्र सोडायचो, त्याची वायर वर काढून एका डबीला जोडायचो आणि डबी मांडीवर घेऊन टेम्पोच्या हौद्यात कॅनच्या शेजारी बसायचो. टेम्पोवाल्याला मी डेअरीचा साहेब आहे असं वाटायचं. तो माझ्यासमोर दुधात पाणी कुणी कुणी घालतं त्यांची नावं मुद्दाम मोठ्यानं घ्यायचा.

मला हवा होता एकच आकडा. धक्का बसल्यावर दूध किती लवकर शांत होतं, याचा. आमच्या भाषेत त्याला डॅम्पिंग म्हणतात. प्रयोगशाळेत मी तो पाण्यावर आधीच मोजला होता आणि तो बारीकसाच होता. पाणी एकदा हललं की बराच वेळ हलत राहायचं. टेम्पोतल्या दुधाचा आकडा मात्र त्याच्या कितीतरी पट आला. दूध एक हेलकावा घ्यायचं, दुसरा अर्धवट, आणि तिसऱ्याला गप्प बसायचं. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मी इतका हरखलो की त्या दिवशी नसरापूरला उतरायच्या ऐवजी टेम्पोबरोबर डेअरीच्या आत गेलो आणि तिथल्या माणसांना मिठी मारायचं तेवढं बाकी राहिलं.

पाणी आणि दूध यांत असा काय फरक? मी आणि माझे मार्गदर्शक यांनी दोन महिने डोकं खाजवलं आणि उत्तर काढलं. साय. डोंगरातल्या म्हशीचं घट्ट दूध, वर स्निग्धांशाचा थर, तो थर पृष्ठभागाला आवळून धरतो आणि हेलकावा गिळून टाकतो. मी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. समीकरणं अशी देखणी बसली की मला माझाच हेवा वाटला. आकडा जुळण्यासाठी सायीची जाडी जरा जास्त धरावी लागली होती, पण आमच्याकडच्या म्हशींबद्दल मला पहिल्यापासून अभिमान होताच.

प्रबंध मंजूर झाला. लेख छापून आला. परदेशातल्या काही लोकांनी त्यांच्या लेखांत माझा आकडा वापरला, त्यामुळे मला हायवेलगतच्या एका कॉलेजात नोकरी मिळाली, पुढे बढती मिळाली, आणि परिषदांमध्ये लोक मला ओळखायला लागले. गावात तर कहरच झाला. देवळासमोर शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. भोरहून आलेल्या पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की आपल्या तालुक्याच्या सायीनं साऱ्या जगाला स्थिर केलं आहे. तात्या त्या दिवसापासून खेळण्याचं बोलणं विसरले आणि टपरीवर येईल त्याला सांगू लागले, "आमच्या म्हशीच्या सायीवर पोरगं डाक्टर झालं." वस्तीवर आत्याच्या दारात माझा वर्तमानपत्रात आलेला फोटो चिकटवला गेला. म्हशी शेजारी बांधलेल्या असल्यामुळे श्रेय नक्की कुणाला हे बघणाऱ्यानं ठरवायचं होतं.

अशी दहाएक वर्षं सुखात गेली. मग ती आली.

ती म्हणजे माझी पीएचडीची विद्यार्थिनी. नाशिक शहरात वाढलेली, दूध पिशवीत येतं एवढीच माहिती असलेली, आणि कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय पुढं न जाणारी. तिचं काम माझ्या कामाच्या पुढचं होतं. मोठ्या दूध टँकरचं मॉडेल करायचं, आणि त्यात पाया म्हणून माझा आकडा घालायचा. पायरी पहिली, तो आकडा प्रयोगशाळेत पुन्हा मिळवायचा. मी तिला म्हणालो होतो की याला पंधरा दिवस लागतील.

पंधरा दिवसांनी तिनं आलेख आणून टेबलावर ठेवला. दूध पाण्यासारखंच हलत होतं. शांत व्हायचं नाव नाही.

"पिशवीचं दूध वापरलंस ना," मी म्हणालो. "त्यात साय कुठून येणार?"

ती भोरहून म्हशीचं सुटं दूध घेऊन आली. सकाळची पहिली एसटी पकडून, मांडीवर कॅन घेऊन. आलेख तोच. मी म्हणालो, ही सपाटीवरची म्हैस. ती वरवे बुद्रुकच्या एका गोठ्यातून दूध घेऊन आली. मी म्हणालो, हीसुद्धा सपाटीवरचीच, जरा चढावरची. ती वेल्ह्यापर्यंत गेली. मी म्हणालो, वाटेत दूध थंड झालं, साय फाटली. तिनं मोठा थर्मास घेतला. मी म्हणालो, थर्मासमध्ये साय काचेला चिकटते. प्रयोगशाळेत दुधाचा असा वास सुटला की दोन मांजरींनी तिथंच मुक्काम टाकला आणि आमच्या विभागातला चहा एकदम सुधारला. शिपाई मला म्हणाला, सर, हे संशोधन असंच चालू राहू द्या.

मी तापट आहे. हे माझी बायको सांगते. विद्यार्थी सांगत नाहीत, आणि त्याचं कारण मला अलीकडे कळलं. चौथ्या-पाचव्या आलेखानंतर मी तिला सुनावलं की जगभर वापरलेला आकडा तुला मिळत नसेल तर खोट आकड्यात नाही, तुझ्या हातात आहे. ती "हो सर" म्हणाली आणि प्रयोगशाळेत ज्या मेजावर टाकी ठेवून हलवतात ते मेज पुन्हा हलवायला गेली. सत्रामागून सत्र गेलं. विद्यापीठानं दिलेली मुदत संपली, वाढवून घेतली, तीही संपत आली. त्या जूनपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द होणार होती आणि पाच वर्षांनी ती हात हलवत नाशिकला परत जाणार होती. तिच्या वडिलांनी फोनवर "कधी होणार" हे विचारणं बंद केलं होतं, असं तिनं मला एकदा सांगितलं. मी म्हणालो, मग बरंच आहे, लक्ष विचलित होणार नाही.

जानेवारीत तिनं विचारलं, "सर, तुम्ही ज्या वस्तीवरून कॅन घेत होता, तिथं मला एकदा नेता का?"

हे तिनं त्याआधीही विचारलं होतं आणि मी वेळ नाही म्हणालो होतो. आता मलाही आत्याला भेटून बरेच दिवस झाले होते आणि घरच्या हुरड्याची आठवण यायला लागली होती, म्हणून मी हो म्हणालो. विज्ञानासाठी मी गेलो असं कुणी समजू नये.

आम्ही सकाळी सातच्या आत वस्तीवर पोचलो. धार काढून झाली होती. आत्या आता सत्तरीच्या पुढं गेली आहे, पण दूध गाळून कॅनमध्ये ओतण्याचं काम ती सुनांना देत नाही. तिनं माझ्या विद्यार्थिनीला पाटावर बसवलं, "लई वाळलीयास गं पोरी, तुजा मास्तर जेवू देत न्हाई का," असं विचारलं, आणि ओतणं चालू ठेवलं. कॅन भरत आला. मग तिनं शेजारच्या परातीतून, गरम पाण्यात भिजत ठेवलेलं, भाताच्या पेंढ्याचं पिळून वळलेलं एक कडं उचललं, झटकलं, दुधावर तरंगत सोडलं आणि झाकण लावलं.

"आत्या, हे काय?" विद्यार्थिनीनं विचारलं.

"ही व्हय? चुंबळ."

डोक्यावर हंड्याखाली घेतात ती चुंबळ कापडाची आणि मोठी असते. ही तिची धाकटी बहीण. भाताच्या प्रदेशात पेंढ्याला तोटा नाही. रोज नवी वळायची, उकळतं पाणी घालून धुवायची, दुधावर सोडायची. खाली डेअरीत माप घ्यायच्या आधी ती काढून टाकतात आणि तिथली गुरं ती खातात. त्यामुळे डेअरीच्या कुठल्याही कागदात चुंबळ नसते.

"पण कशासाठी?"

"आता गं बया. दूध हिंदकाळतं न्हवं. ही वर आसली की गप ऱ्हातं."

विद्यार्थिनीनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी, प्राध्यापक, या विषयातला जाणकार, पंधरा वर्षं ज्याचा आकडा जगभर वापरला जातो तो माणूस, हातातला चहा फुंकत म्हणालो, "ते काही नाही. ते नेहमीचं असतं."

माझं वाक्य माझ्याच कानावर पडलं तेव्हा चहा अर्धा झाला होता. मी कप खाली ठेवला. मी लहानपणापासून दुधाचा कॅन पाहिला तो चुंबळीसकट. माझ्या लेखी कॅनला झाकण असतं, कडी असते, आणि चुंबळ असते. पीएचडीच्या वेळी मी आत यंत्र सोडायचो तेव्हा वायर त्या चुंबळीच्या मधल्या भोकातून ओवून घ्यायचो. स्वतःच्या हातानं. वायर मध्यभागी राहते म्हणून ती मला सोयीची वाटायची. पुण्यातल्या पाण्याच्या टाकीत चुंबळ नव्हती, कारण पुण्यात ती वळणारं कुणी नव्हतं.

"माझ्या वेळी पण घालत होतीस?" मी आत्याला विचारलं.

"मंग? तुज्या वक्ताला तर म्या दोन दोन घातल्या हुत्या. तुजं यंत्र भिजाया नगं म्हनून. पोराचं शिक्षान हाय, म्हनलं." मग माझा चेहरा पाहून तिनं विचारलं, "का रं? काय चुकलं का माजं?"

"नाही आत्या," मी म्हणालो. "फार उपयोग झाला."

विद्यार्थिनीला घेऊन मी परत निघालो. तिच्या पिशवीत आत्यानं दिलेल्या सात-आठ चुंबळी होत्या. त्या तिनं दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दुधावर सोडल्या, आणि पहिल्याच फेरीत माझा आकडा जसाच्या तसा आला. दोन चुंबळींचा. मग तिनं पाण्यावर चुंबळ सोडून पाहिलं. पाणीही तिसऱ्या हेलकाव्याला गप्प. सायीचा त्यात काडीचाही हात नव्हता.

त्यानंतर ती अशी कामाला लागली की मांजरींचीही झोप उडाली. चार महिन्यांत तिनं तरंगत्या कड्यावर एक सुरेख प्रकरण लिहिलं. कड्याची जाडी, भोकाचा व्यास, पेंढा ओला किती, सगळं मोजून. असं कडं टँकरमध्येही घालता येईल हेही तिनं दाखवलं. माझ्यापेक्षा चांगलं काम, हे मी तेव्हाही मनातल्या मनात कबूल केलं. उघड कबूल करायला मला जरा वेळ लागतो.

प्रबंधाचा कच्चा मसुदा तिनं वाचायला दिला तेव्हा मी सरळ ते पान उघडलं जिथं माझा आकडा आणि तिचा आकडा शेजारी शेजारी होते. खाली तिनं लिहिलं होतं: "पूर्वीच्या मापनात काही अज्ञात घटकांचा प्रभाव असावा." बास. चुंबळ माझ्याही कॅनमध्ये होती, याचा उल्लेख नाही. आत्याचा नाही, वायरीचा नाही. अज्ञात घटक म्हणजे मी, हे फक्त आम्हा दोघांना आणि एका म्हातारीला माहीत होतं.

मला खोटं सांगायचं नाही. मला हायसं वाटलं. तिचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि मग पेन्सिल घेऊन "पूर्वीच्या" हा शब्द काढून टाकला, म्हणजे कुणाचं मापन हेही कळू नये. आठ दिवस मी मजेत होतो. तिसऱ्या दिवशी तर मला असंही वाटायला लागलं की सायीचा थोडाफार वाटा असेलही. माणसानं कड न घेता विचार करावा, एवढंच.

मेमध्ये प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण होतं. विद्यापीठाची तीन माणसांची समिती येते, विद्यार्थी काम मांडतो, समिती पसंत म्हणाली तर प्रबंध द्यायचा, नाही तर दुरुस्त्या करून सहा महिन्यांनी पुन्हा. तिच्याकडे सहा महिने नव्हते. तिच्याकडे पाच आठवडे होते.

तिनं छान मांडलं. चुंबळीशिवाय दूध हलतं, चुंबळीसकट थांबतं. समितीच्या अध्यक्षबाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"एक कळत नाही. तुम्ही म्हणता कड्याशिवाय डॅम्पिंग अगदी कमी. पण तुमच्या मार्गदर्शकांनी साध्या दुधात, कड्याशिवाय, भरपूर मोजलंय. तो आकडा सगळीकडे वापरतात. मग तुमचा कड्याशिवायचा प्रयोग बरोबर कशावरून?"

ती हातातली पानं मागंपुढं करत राहिली.

"तफावत आहे हे मान्य?"

"हो, मॅडम."

"कारण?"

ती आपल्या पायांकडे बघत उभी राहिली. तिनं चुकूनही माझ्या दिशेला मान वळवली नाही. दुसरे सदस्य म्हणाले की कड्याशिवायचे सगळे प्रयोग नव्या मेजावर पुन्हा केलेले बरे. अध्यक्षबाईंनी तसं लिहायला घेतलं. त्या एका वाक्यानं तिची पदवी वाचत होती आणि ते वाक्य तिच्या तोंडाशी होतं, पण ते बोललं की माझी पंधरा वर्षं जात होती, म्हणून ती ते गिळून उभी होती. मला एकदम लाज वाटली. अशी लाज मला शाळेनंतर वाटली नव्हती.

सादरीकरणात मार्गदर्शकानं मध्ये बोलायचं नसतं. मी उठलो.

"मॅडम, चूक माझी आहे. माझ्याही कॅनमध्ये ते कडं होतं."

"मग तुम्ही ते नोंदवलं नाही?"

"नाही."

"का?"

"मला दिसलं नाही."

"दिसलं नाही म्हणजे? झाकलेलं होतं?"

"नाही. मी त्याच्यातून वायर ओवली होती."

तिसरे सदस्य तोवर मोबाईल बघत होते, त्यांनी मान वर केली. अध्यक्षबाईंनी मला आधी बसायला सांगितलं, मग बसल्या जागी सगळं पहिल्यापासून सांगायला सांगितलं. मी सांगितलं. आत्यानं दोन चुंबळी का घातल्या तेही सांगितलं. दुसरे सदस्य हसले आणि मग त्यांनी विचारलं, "आणि सायीचा सिद्धांत?"

"साय चहात चांगली लागते," मी म्हणालो. "दुसरा उपयोग मला सिद्ध करता आलेला नाही."

त्यांनी ठरवलं की प्रबंध द्यायला हरकत नाही, अट एकच, तफावतीचं कारण स्पष्ट लिहावं. मी ज्या नियतकालिकात लेख छापला होता तिथं चूक कळवावी असंही अध्यक्षबाईंनी सुचवलं. मी ते पत्र त्याच आठवड्यात पाठवलं. तात्यांना मात्र अजून सांगितलेलं नाही. वय झालंय त्यांचं.

समिती जेवायला गेली. आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात आलो. मी फार मोठं काही केल्याच्या तोऱ्यात होतो, हे आता लिहिताना जाणवतं. मनात म्हटलं, आता पोरीचं कौतुकही करावं.

"बरं झालं, तुला वस्तीवर जायचं सुचलं," मी म्हणालो. "कसं काय सुचलं?"

"सुचलं नव्हतं, सर. फोटोत दिसलं होतं."

"कुठल्या फोटोत?"

"तुमच्या प्रबंधातल्या. परिशिष्टात आहे. झाकण काढलेला कॅन आहे, दुधावर पेंढ्याचं कडं आहे, मधून वायर गेलीय. मी तो घेऊन तुमच्या केबिनमध्ये आले होते. हे काय आहे म्हणून विचारलं होतं."

"मग? मी काय म्हणालो?"

"तुम्ही पेपर तपासत होता. वर न बघता म्हणालात, कचरा असेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, आधी प्रयोग नीट कर."

"कधीची गोष्ट ही?"

"तेव्हा आपण पिशवीच्या दुधावरच होतो, सर."

मी खूप आठवून पाहिलं. तो दिवस, ती दारात उभी, तिच्या हातातला प्रबंध, काहीही आठवेना. अजूनही आठवत नाही. त्याच्या पुढचं मात्र सगळं आठवतं. भोरची एसटी, वरव्याचा गोठा, वेल्ह्याची खेप, थर्मास. त्या प्रत्येक कॅनच्या वेळी तिच्या मनात तो फोटो होता. आणि माझ्याशी पुन्हा एकदा बोलण्यापेक्षा दहा लिटर दूध मांडीवर घेऊन एसटीत बसणं तिला सोपं वाटलं होतं.

मला फार वाईट वाटलं, आणि मी तिला तसं सांगितलं. माझ्यामुळं तुझी दोन वर्षं गेली, असंही म्हणालो.

"असू द्या, सर," ती म्हणाली. "झालं ना आता." मग तिनं मोबाईल काढला आणि वडिलांना फोन लावत जिन्याकडे गेली.